नाथांच्या पालखीत एक दिवस चालायचं तर

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून संत एकनाथ महाराजांची पालखी निघते आणि आषाढी एकादशीच्या तोंडावर पंढरपुरात पोचते. गोदाकाठ मागे टाकून रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा, दांडेगाव, परंडा, अरण, करकंब अशी ही वाट आहे. बीड जिल्ह्यात ती बालाघाटावर चढते, खर्ड्याला अहिल्यानगरच्या हद्दीत डोकावते, मग धाराशिवचा परंडा ओलांडून माढ्याच्या सपाटीला लागते. सगळी वारी करायला रजा आणि पेरणी दोन्ही आडवी येतात, म्हणून बरेच जण मधल्या एखाद्या मुक्कामापासून पुढच्या मुक्कामापर्यंत चालून येतात. त्या एका दिवसासाठी काय काय लागतं ते इथे लिहिलंय. पूर्ण वारी करणाऱ्यालाही हेच लागतं, फक्त रोज.

आधी एक हिशेब. नवखा माणूस विचारतो, “आज किती किलोमीटर?” कुणी बावीस म्हटलं की तो मनात पाच तास धरतो, कारण गावाकडं रानात जाताना तो तासाला साडेचार-पाच किलोमीटर सहज चालतो. दिंडी तशी चालत नाही. भजन म्हणत, पावल्या टाकत, पुढच्या दिंडीनं वाट दिली की सरकत तासाला तीन ते साडेतीन किलोमीटर होतात. म्हणजे नुसतं चालणंच साडेसहा-सात तास. त्यात सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, वाटेतल्या गावात दर्शनाला थांबलेली पालखी, अरुंद पुलापाशी तुंबलेली गर्दी. पहाटे पाचला निघालेला माणूस संध्याकाळी पाच-सहाला तळावर टेकतो. बारा तास पायांवर, आणि त्यातला बराच वेळ नुसतं उभं. पोटऱ्या आणि कंबर चालण्यापेक्षा या उभं राहण्यानं जास्त धरतात. म्हणून खाणं, पाणी, औषधं, चपला, सगळं तासांवर बेता. किलोमीटरचा आकडा फक्त गप्पांना.

जाण्याआधी

पंधरा दिवस आधीपासून आठवड्यातून तीन वेळा दोन-अडीच तास चाला, आणि निदान एकदा लागोपाठ दोन दिवस चाला. दुसऱ्या दिवशी जिथं दुखतं तीच तुमची कमजोर जागा. चालायचं त्याच चपला-बुटांनी. वारीसाठी म्हणून आदल्या दिवशी नवीन बूट घेणारा माणूस पहिल्या विसाव्याला ते हातात घेऊन बसलेला दिसतो.

चप्पल की बूट, यावर वाद संपत नाही. आमचं मत असं: डांबरी रस्त्यावर अर्धा नंबर मोठा, मऊ तळाचा, हवा खेळणारा बूट बरा, कारण दुपारनंतर पाय सुजतो आणि बरोबर मापाचा बूट अंगठ्याला चावतो. पण पाऊस लागला की ओल्या बुटात पाय शिजतो, म्हणून पडशीत मागून पट्टा असलेली सँडल हवीच. नुसती रबरी स्लीपर दोन कारणांनी नको. तिला धरून ठेवायला बोटं सारखी आवळली जातात आणि दुपारपर्यंत नडगी भरून येते. दुसरं कारण बाभळीचा काटा. आपल्याकडच्या रस्त्याकडेला तो कायम पडलेला असतो आणि मऊ फोमच्या तळातून सरळ टाचेत शिरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं आठवत नसेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.

नवस अनवाणी चालण्याचा असेल तर निदान सवय करून या. पहाटेचा डांबरी रस्ता पायाला छान वाटतो. ऊन पडलं तर अकरानंतर तोच तापतो आणि तळवे भाजतात. अनवाणी वारकरी उन्हात पांढऱ्या पट्ट्यावरून चालतो, कारण पांढरा रंग डांबराएवढा तापत नाही. मधुमेह असलेल्यानं मात्र अनवाणी चालूच नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका कळत नाही, आणि कळतो तेव्हा जखम झालेली असते.

नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा. कडेला गोल कोरून कापलेलं नख उतारावर मांसात रुततं.

कुठल्या तरी दिंडीत नाव सांगून ठेवा. एका दिवसासाठीही सांगा. दिंडीचा भिशीचा, म्हणजे सामाईक जेवणाचा, हिशेब माणसांवर असतो, आणि न सांगता पंगतीला बसलेली दहा माणसं म्हणजे कुणाच्या तरी ताटातली भाकरी. गावातली दिंडी नसेल तर ओळखीच्या माळकऱ्याला विचारा, तो जोडून देतो. दिंडीचा क्रमांक, ती रथाच्या पुढे चालते की मागे, आणि सामानाच्या ट्रकवर काय खूण आहे, या तीन गोष्टी पाठ करा. कागदावरही लिहा: नाव, गाव, दिंडी क्रमांक, घरच्या माणसाचा नंबर, रक्तगट, चालू असलेली औषधं. ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात सेफ्टी पिनेनं अडकवा. मोबाइलवर भिस्त ठेवू नका. तळावर हजारो मोबाइल एकाच टॉवरला लटकलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत बॅटरीही राहत नाही.

खांद्यावर काय, ट्रकमध्ये काय

खांद्यावर तीन किलोच्या वर काही नको. पाण्यासकट. त्यात एक लिटरची बाटली, जलसंजीवनीच्या चार पुड्या, दोन मुठी भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, मेनकापडाचा दोन हात रुंद तुकडा, टोपी किंवा उपरणं, कोरडे मोजे, सँडल, छोटा टॉर्च, रोजची औषधं आणि एक पायांची डबी. डबीत व्हॅसलिन, कापडी चिकटपट्टी, सुई, आयोडीनचं मलम, चिमटा, कात्री. एवढंच. पेनकिलरचं पाकीट लोक आवर्जून घेतात. घ्या, पण ती गोळी उपाशीपोटी आणि पाणी कमी प्यायलेलं असताना घेतली की पोट आणि मूत्रपिंड दोन्हीवर येते. दुपारी जेवल्यावर, पाणी पिऊन, लागलीच तर एक. चालता यावं म्हणून दर चार तासांनी नाही.

वळकटी ट्रकमध्ये जाते. सतरंजी, चादर, खाली अंथरायला मेनकापड, एक जोडी कपडे. वळकटीवर ऑइल पेंटनं नाव, गाव, दिंडी क्रमांक लिहा आणि वर एखादी भडक चिंधी बांधा. संध्याकाळी ट्रकमधून दोनशे वळकट्या एकदम खाली पडतात, त्या सगळ्या निळ्या मेनकापडात गुंडाळलेल्या असतात, आणि अंधार पडत आलेला असतो.

पहाट

तळ तीन-साडेतीनला जागा होतो. कुणी उठवायला येत नाही. टँकरपाशी तांब्यांचा आवाज सुरू झाला की उठायचं. उठल्याबरोबर पहिलं काम शौचाला जाण्याचं, कारण पाऊण तासानं फिरत्या शौचालयांसमोर रांग लागते. बायकांनी दोघी-तिघींनी मिळून जावं, टॉर्च घेऊन. बीड-धाराशिवच्या मुरमाड रानात विंचू आणि फुरसं दोन्ही असतात, म्हणून अंधारात बांधाच्या दगडांवर हात-पाय टेकू नका आणि बुटात पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं.

आंघोळ झाली की पाय कोरडे पुसा, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. मग टाच, अंगठ्याची बाजू, करंगळी, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात. मांड्या घासून सोलवटणं ही वारीतली न बोलली जाणारी तक्रार आहे. फोडानं जितके लोक ट्रकमध्ये बसत नाहीत तितके यानं बसतात. धोतराखाली किंवा लुगड्याखाली गुडघ्यापर्यंतची घट्ट, लवकर वाळणारी चड्डी घातली की निम्मा प्रश्न मिटतो. सुती चड्डी घामानं भिजली की तशीच राहते आणि तीच सोलते. व्हॅसलिनवर पावडर टाकू नका. दोन्हीचा चिखल होऊन घासतो.

साडेचारच्या आत वळकटी ट्रकपाशी द्या. राहुट्या उतरल्या, भांडी चढली की ट्रक पुढे जातो, कारण त्याला पालखीच्या आधी दुपारच्या ठिकाणी चूल पेटवायची असते. तो थांबत नाही. राहिलेली वळकटी मग दिवसभर तुमच्या डोक्यावर.

निघण्याआधी काहीतरी पोटात घाला. नुसत्या चहावर निघालेल्याला सातच्या सुमारास हातपाय गळाल्यासारखं होतं. शिळी भाकरी, मूठभर शेंगदाणे, केळ, काहीही चालेल. दोन फुलपात्री पाणी आताच प्या. पुढं शौचाची सोय कधी मिळेल म्हणून बायका सकाळी पाणी टाळतात, आणि दुपारी चक्कर येऊन पडणाऱ्यांत त्याच जास्त असतात. जूनमधली मराठवाड्याची हवा मृगाच्या आगेमागे दमट आणि तापलेली अशी दोन्ही असते. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

दिंडीत चालणं

दिंडीचा आकार ठरलेला असतो. पुढे पताकाधारी, मग टाळकरी ओळींनी, मध्ये पखवाज आणि विणेकरी, मागे तुळशीवाल्या आणि बाकीच्या आयाबाया. नवख्यानं मागच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत, कडेला चालावं. तिथून पुढच्याची पावलं दिसतात आणि लागलं तर बाहेर पडता येतं. मधल्या ओळीत शिरलात तर थांबता येत नाही. बाहेर पडायचं असेल तर आधी डाव्या कडेला या, मागं बघा, मगच थांबा. चपलेचा पट्टा लावायला ओळीत वाकलेला माणूस मागच्या चौघांना पाडतो.

टाळ हातात आला तर त्याची दोरी बोटाला नुसती गुंडाळू नका. दोरीखाली कापडाची पट्टी धरा, नाहीतर पहिल्या तासात बोटाच्या पेरावर फोड. टाळ वाजवत चालताना हात छातीच्या खाली ठेवा. नवखा उत्साहात खांद्याच्या वर वाजवतो आणि नऊपर्यंत त्याचे खांदे भरून येतात. वीणा मात्र कुणी देतो म्हणून सहज घेऊ नका. ती जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि घेतली की पुढचा विणेकरी येईपर्यंत ती तुमची. लघवीला जायचं असलं तरी.

पावलं लहान टाका. दिंडी थांबते-पळते, थांबते-पळते. पुढच्या दिंडीशी अंतर पडलं की मागचे धावतात, आणि या धावण्यानंच पोटरी धरते. तुम्ही कडेला असाल तर धावू नका, त्याच चालीनं चाला. पुढच्या अडथळ्याला दिंडी थांबणारच आहे.

रस्त्याचं भान सुटू देऊ नका. दिंडी डावीकडून चालते आणि तिच्या मागं लाल दिवा धरलेला किंवा परावर्तक पट्टा घातलेला माणूस हवा, विशेषतः उजाडेपर्यंत. जूनच्या शेवटी सूर्य सहाच्या आसपास उगवतो, म्हणजे पहिला अर्धा तास तरी अंधारच. दिंडी सोडून एकटेदुकटे पुढं चालणार असाल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. गडद रंगाची घोंगडी पांघरून अंधारात चालू नका.

बालाघाटाच्या चढाला पद्धत वेगळी. रायमोह्यापासून पाटोदा-दिघोळकडं जाताना चढउतार येतात. चढावर भजनाचा ठेका चालीपेक्षा जलद वाटला तर तोंडानं म्हणणं सोडा, पावलं धरा. बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा. खरं काम उताराला आहे. उतारावर पाय बुटात पुढं सरकतो, अंगठ्याचं नख आपटून काळं पडतं आणि गुडघा दुखायला लागतो. उतार सुरू होण्याआधी घोट्यापाशी नाडी घट्ट आवळा, बोटांपाशी सैल ठेवा, गुडघे किंचित वाकवून चाला.

आणि चिखल. पहिला जोराचा पाऊस झाला की काळी माती फुगते आणि चपलेला असे थर चढवते की दहा पावलांत पाय उचलेना. रस्ता सोडून शेताच्या कडेनं मधली वाट काढायचा मोह तेव्हाच होतो. काढू नका. डांबराची कड किंवा मुरमाची बाजूपट्टी धरा. चिखल बसलाच तर साचलेल्या पाण्यात पाय झाडू नका, त्यानं आत शिरतो. रस्त्याच्या कठड्यावर तळ घासून काढा.

ताप, पाऊस, वीज

दर अर्ध्या तासाला साधारण एक फुलपात्र पाणी. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि एका दमात लिटरभरही ढोसायचं नाही. दोन तास घाम निथळत असेल तर जलसंजीवनी घ्या. एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचं प्रमाण वाढवलं तर उलट्या होतात, म्हणून चव घेऊन बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं की फेकून द्या.

पाणी कुठलं प्यायचं? टँकरचं, ज्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेली आहे, किंवा आरोग्य खात्याच्या मांडवातलं. वास येतो म्हणून ते ओतून विहिरीचं गोड पाणी भरणारे दोन दिवसांनी त्याच मांडवात सलाईन लावून घेतात. मेडिक्लोरचे थेंब जवळ असतील तर बाटलीवर लिहिलं तेवढे टाका आणि अर्धा तास थांबून प्या.

कुणी बडबडायला लागला, चालताना झोकांडतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात झालाय. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, उपरण्यानं वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून जीव जातो.

पावसाला रेनकोटपेक्षा मेनकापडाची खोळ बरी. रेनकोटमध्ये आतून घामानं तितकंच भिजायला होतं. पण पावसापेक्षा वीज वाईट. मृग-आर्द्रात दुपारनंतर मराठवाड्यात वीज पडून माणसं जातात, दरवर्षी. गडगडाट ऐकू आला की मोबाइलवर दामिनी ॲप बघा, पण त्याची वाटही बघत बसू नका. एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबायचं नाही. शाळा, समाजमंदिर, बंद गाडी यातलं काही गाठा. उघड्या माळावर सापडलात तर पताका आडव्या ठेवा, एकमेकांपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, झोपू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

विसावा आणि जेवण

सकाळचा विसावा अर्ध्या-पाऊण तासाचा असतो आणि तो चहाच्या रांगेत संपतो. रांगेत एकाला उभं करा, बाकीच्यांनी बूट-मोजे काढून पाय वर करून पाठीवर पडावं. दहा मिनिटं पुरतात. मोजे उलटे करून वाळवा, पाय चाचपा. कुठं चुणचुणतंय, लाल झालंय, तिथं आत्ताच कापडी पट्टी, सुरकुती न पडू देता. तासानं लावाल तर फोड आलेला असेल. फोड लहान आणि न दुखणारा असेल तर त्याला हात लावू नका. टरारून फुगला आणि पाऊल टेकवत नसेल तर सुई ज्योतीवर तापवून गार करा, फोडाच्या कडेला, खालच्या बाजूनं दोन भोकं पाडा, पाणी दाबून काढा, कातडी तशीच ठेवून वर मलम आणि पट्टी. कातडी कापून टाकली की आतलं लाल मांस उघडं पडतं आणि त्या धुळीत ते पिकतं. मधुमेह असेल तर सुई नाही, मांडवातल्या डॉक्टरांकडं जा.

दुपारचं जेवण बारालाच मिळेल असं धरू नका, दोनही वाजतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. सकाळची गोळी घेतली, जेवण लांबलं, चालणं चालूच, मग घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी. गुळाचा खडा तिथं कामाला येतो. इन्सुलिन ट्रकच्या सामानात ठेवू नका, ताडपत्रीखाली ते तापतं. तोंड घट्ट बंद असलेल्या पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि स्वतःजवळ सावलीत ठेवा. गोळ्यांचं प्रमाण किती ठेवायचं ते निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पंगतीत पिठलं-भाकरी, आमटी, भात, ठेचा असतो. पोटभर म्हणजे पाऊण पोट. वाटेत गावोगाव केळी, लाडू, भजी, बुंदी, ताक हातात कोंबलं जातं, प्रेमानं, आणि नाही म्हणवत नाही. ताज्या तळलेल्याला फार भ्यायचं कारण नाही. भीती सकाळी करून दुपारी वाटलेल्या भाताची, आणि कापून ठेवलेल्या फळांची. हात धुवायला पाणी नसेल तर सोललेलं केळ सालीनंच धरून खा.

पालखी सप्तमीला निघते, म्हणून पाचव्या दिवसाच्या आसपास ज्येष्ठ वद्य एकादशी येते. तो तुमचा चालण्याचा दिवस असेल तर उपवासाचं भान हवं. भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडं दर उपवासाला वाचतो. कारण बहुधा बुरशी. सुटं भगरपीठ ओल्या हवेत पडून राहिलं की ते बिघडतं, आणि शिजवूनही ते विष जात नाही. पाकिटातली अख्खी भगर, धुऊन, त्याच वेळी शिजवलेली खा. उरलेली रात्रीसाठी ठेवू नका. साबुदाण्याची तेलकट खिचडी खाऊन चढ चढायला फार जड जातं. भगर, दाण्याची आमटी, केळी, ताक यावर दिवस नीट निघतो.

जेवल्यावर वीस मिनिटं आडवं व्हाच. दुपारनंतर टप्पा लहान असतो, पण पाय तापलेले असतात, आणि घाणेरडा उकाडा असतो. रिंगणाचा दिवस असेल, जसं मिडसांगवीला, तर शेवटच्या तासात पाणी पिऊन, पोटरी ताणून ठेवा. भिजलेल्या, थकलेल्या पायांनी एकदम पळालं की गोळा येतो. बघायचंच असेल तर दोरीच्या बाहेर, लहान पोरांना पुढं उभं न करता.

तळावर

पोचल्या पोचल्या बसलात की उठवत नाही. आधी वळकटी शोधा, जागा धरा, मग बसा. जागा धरताना उताराच्या तळाशी, नाल्याच्या कडेला, आणि ट्रक मागं घ्यायच्या वाटेवर नको. रात्री झोपलेल्या माणसावरून गाडी मागं आल्याचे प्रकार घडतात, म्हणून अंधारात चाकापाशी कुणी झोपू नये.

पाय गार पाण्यानं धुवा, पुसा, वाळू द्या. गरम मिठाच्या पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसण्याची हौस आवरा. बरं वाटतं, पण कातडी भिजून मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन तासांत फोड येतात. तेलाचा हात पोटऱ्यांना द्या, तळव्यांना अगदी थोडा. मग भिंतीला किंवा वळकटीला टेकवून पाय वर, पंधरा-वीस मिनिटं.

मोठ्या सोहळ्यांत समाजआरतीला चोपदार हातातला दंड उंच करतो आणि गजबजलेला तळ गप्प होतो. मग हरवलेलं-सापडलेलं पुकारलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, दिंड्यांच्या तक्रारी ऐकल्या जातात. एकटं पडला असाल, दिंडी सापडत नसेल, तर तिथंच जाऊन उभं राहा. तळभर फिरत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. कीर्तन ऐकायचं तर ऐका, पण दुसऱ्या दिवशीही चालणार असाल तर नऊला पाठ टेका. तीनला तळ पुन्हा उठतो.

एकाच दिवसासाठी आला असाल तर परतीचं वाहन आधी ठरवून ठेवा. पालखीच्या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते आणि संध्याकाळी एसटी तळाच्या गावात शिरत नाही. जवळच्या फाट्यापर्यंत चालत जावं लागतं. दोन-तीन किलोमीटर, तेही दिवसभरानंतर. शक्यतो मोटारसायकलनं परत जाऊ नका. बारा तास चाललेल्या माणसाला तिच्यावर डुलकी लागते.

गाडीत कधी बसायचं

छातीत दाबल्यासारखं, हाता-जबड्यात कळ, घाम. चक्कर येऊन एकदा पडलात. सहा-सात तास लघवी नाही किंवा ती गडद तांबूस. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते. फोडाभोवती लाली वर चढत चालली आणि अंगात कणकण. ताप आणि जुलाब एकत्र. यातलं काहीही झालं तर पुढच्या आरोग्य मांडवापर्यंत चालत जायचं नाही, जागेवर बसून गाडी बोलवायची. दिंडीतल्या म्हाताऱ्या माउली बिनदिक्कत ट्रकच्या पायरीवर चढून बसतात आणि पुढच्या विसाव्याला उतरून पुन्हा ओळीत लागतात. तरणी पोरंच लाजतात.